दुहेरी कापडाचं आकाश

“अनसूया, पूर्व कोणती?” तंबूच्या मधोमध उभं राहून खंडाळकर सरांनी विचारलं.

मी दाराकडे हात केला. “ही काय. तुम्ही सांगितलं तसं दार पूर्वेलाच ठेवलंय.”

“मग कृत्तिका दारावर काय करतायत? त्या पश्चिमेला हव्यात.” सरांनी वर बघत स्वतःभोवती एक गिरकी घेतली. डोक्यावरची टोपी पडली, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं. “आणि उत्तरेकडे तोंड केलं तर सप्तर्षी डाव्या हाताला? अगं, आख्खं आकाश उलटं झालंय!”

बाहेर मैदानावर सोलापूरचं दुपारचं ऊन मी म्हणत होतं, आणि आत आमच्या काळ्या घुमटाला पाडलेल्या शेकडो भोकांतून तेच ऊन तारे होऊन चमकत होतं. पाच मिनिटांपूर्वी ते बघून मी लहान मुलीसारखी टाळ्या पिटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रदर्शनाचं उद्घाटन होतं.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या दत्तूकाकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ मला बरोबर कळला.

हे १९८६ सालचं. त्या वर्षी हॅलेचा धूमकेतू येणार म्हणून गावोगाव नुसती धमाल चालली होती. व्याख्यानं काय, दुर्बिणी काय, कुणी धूमकेतूच्या नावाचा साबणसुद्धा काढला होता म्हणतात. ज्या शेपटीवाल्या पाहुण्यासाठी हा सगळा थाट, तो पुढं कुणाला धड दिसला नाही ही गोष्ट वेगळी. पण त्या निमित्तानं जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन भरणार होतं, आणि भूगोल शिकवणाऱ्या खंडाळकर सरांच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. पोरांना भर दुपारी तारे दाखवायचे. तारांगण बांधायला पैसा कुठला? मग कापडाचं करू. ते थेट साखर पेठेत आमच्या दारात आले.

आमचा तंबू आणि मंडप शिवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांब खोली, जड शिलाईची चार मशीनं आणि तीन कारागीर बायका. आदल्या वर्षी दादा गेले. दादा म्हणजे माझे वडील. त्यांच्यामागं मी कापत होते, शिवत होते, गिऱ्हाईकाशी बोलत होते. पण धाकटे काका, दत्तूकाका, ह्यांना ते पटत नव्हतं. काका पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, डॉक्टरांच्या, सर्कशीच्या. हात असा की वाघ रंगवला तर कुत्री भुंकावीत. मनानं वाईट नव्हते, पण घाबरट होते. “मंडपाचं काम बाईमाणसाचं न्हाई, अने. बांबू कोण चढणार? लग्नघरचे दारू पिऊन भांडायला आले तर कोण बोलणार?” लातूरचे एक मंडपवाले होते, कोरे नावाचे. त्यांना मशीनं हवी होती. काकांनी त्यांना जवळजवळ शब्द दिला होता.

मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. तेव्हा काका एवढंच म्हणाले, “सरांचा हा तंबू उभा कर. सर ‘छान’ म्हणाले तर कारखाना तुझा, मी मध्ये पडणार न्हाई. न्हाई म्हणाले तर कोरे येऊन मशीनं घिऊन जातील आणि तू गप लग्नाला उभी राहायचीस.”

म्हणून त्या उलट्या आकाशाखाली उभी राहून मी बधिर झाले होते.

“फिरवू की सर,” काका म्हणाले. “गोल तंबू हाय. दार पश्चिमेला घेतलं की झालं.”

“तसं होत नाही हो. कृत्तिका पश्चिमेला आणल्या की ध्रुव जातो दक्षिणेला. जगात सगळं हलतं, त्या बिचाऱ्याला तेवढा जागेवर राहू द्या.” सर स्वतःच्याच विनोदावर हसले नाहीत. “आरशात दिसावं तसं झालंय हे. पण कसं? माझा नकाशा तर बरोबर होता!”

कसं ते मला त्याच क्षणी कळलं, आणि कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. शिंप्याच्या घरात पोराला पहिली गोष्ट शिकवतात ती ही की खडूची खूण नेहमी कापडाच्या उलट्या बाजूनं करायची. सुलट बाजू कोरी राहिली पाहिजे, तिच्यावर बोटाचा डागसुद्धा पडता कामा नये. सरांनी नकाशा दिला, आम्ही तो मोठा करून कागद कापले, आणि चौघींनी चार ठिकाणी बसून ते कागद कापडाच्या उलट्या बाजूवर अंथरले. खुणा केल्या. टोच्यानं भोकं पाडली, मोठ्या ताऱ्याला मोठं, बारक्याला बारकं. एकीच्याही मनात शंका आली नाही. येणार कशी? आम्ही काम अगदी शिकवल्याबरहुकूम केलं होतं. सुलट बाजूनं बघणाऱ्याला सगळं उजव्याचं डावं दिसणार, हे पोलक्याला किंवा मंडपाला कधी आडवं आलं नव्हतं.

त्यावर कडी म्हणजे तंबूत आत येणाऱ्या ह्या सुलट बाजूवर काकांनी चित्रं रंगवली होती. सरांच्या इंग्रजी पुस्तकात होती तशी ग्रीक लोकांची चित्रं: मोठं अस्वल, कमरेला पट्टा बांधलेला शिकारी, सिंह, बैल. काका भोकं जोडत गेले होते. अस्वलाचं तोंड पुस्तकात एकीकडं आणि कापडावर दुसरीकडं आलं हे त्यांना दिसलं होतं. पण ते म्हणाले, अस्वल आहे, त्याला वाटेल तिकडं बघेल.

“राहू दे सर,” काका आता म्हणाले. “कुणाला कळतंय?”

सरांनी टोपी उचलली, झटकली. “मला कळतंय. आणि पोरं उद्या अंगणात जाऊन वर बघतील तेव्हा त्यांनाही कळेल. मग ती म्हणतील, सर खोटं शिकवतात.” ते माझ्याकडे वळले. “अनसूया, तुझं शिवणकाम अप्रतिम आहे. पण हे मी दाखवू शकत नाही.”

‘छान’ म्हणाले नाहीत.

काकांनी खांदे पाडले. त्यांना आनंद झाला असता तर मला त्यांचा राग तरी करता आला असता. “कोरेंना फोन करतो,” ते हळूच म्हणाले. “उद्या दुपारी टेंपो घिऊन या म्हणतो.” आणि ते गेले.

सर तिथंच खाली डोकं धरून बसले. माझ्या तिघी कारागीर तंबूच्या दाराशी घोटाळत होत्या. जैतूनबी सगळ्यांत जुनी, दादांच्या हाताखाली शिकलेली. नरसम्मा विड्या वळायचं सोडून आमच्याकडे आलेली. सोनाबाई राठोड तांड्यावरची, भरतकामात जिचा हात धरणारं कुणी नाही. त्यांना बातमी कळली होती. मशीनं गेली तर त्याही घरी बसणार होत्या.

“बेटी, रोती कायकू?” जैतूनबी म्हणाली. “चुक्या तो चुक्या. उसवींगे, फिर सींगे.”

“सगळं आकाश उसवणार का जैतूनबी? उद्यापर्यंत?”

डोळे पुसायला मी पदर शोधत होते आणि माझी नजर स्वतःच्याच बाहीवर गेली. सकाळी घाईत मी पोलकं उलटं घातलं होतं. शिवणी बाहेर. जैतूनबी ते बघून सकाळीच हसली होती आणि डाव्या बाहीवरचा माझा रफू उजव्या दंडावर आलेला दाखवला होता, पण बदलायला सवड झाली नव्हती. मी तशीच उभी राहिले. उलटं केलं की डावी बाही उजवीकडे जाते.

“सर!” मी इतक्या जोरात ओरडले की सर दचकून उठले. “तंबू उलटा करू या!”

“म्हणजे?”

“उशीचा अभ्रा उलटा करतात तसा. आतलं बाहेर, बाहेरचं आत. डाव्याचं उजवं होईल की नाही?”

सरांनी खिशातला रुमाल काढला, त्याला पेनानं चार भोकं पाडली (चांगला नवा रुमाल होता), उन्हाकडं धरून एका बाजूनं पाहिलं, उलटा करून पाहिलं, आणि एकदम मोठ्यानं हसले. “होईल! अगं होईल की!”

पण एक अडचण होती. बांबूंना तंबू बांधायच्या नाड्या आणि कड्या सगळ्या बाहेरच्या अंगाला शिवलेल्या होत्या. तंबू उलटा केला की त्या आत जाणार. एकूणएक उसवून पलीकडच्या बाजूला शिवायच्या होत्या. आणि दुसरी अडचण मी सरांना सांगितलीच नाही. ती सांगायची हिंमत मला झाली नाही.

ती अशी. तंबूचं कापड दुहेरी होतं, नाहीतर उजेड सगळीकडून झिरपला असता. त्याच्या लांबलांब कळ्या, म्हणजे वर निमुळत्या होत जाणाऱ्या पट्ट्या, वेगवेगळ्या शिवून मग जोडायच्या होत्या. कोणती कळी कोणाला जोडायची ते विसरू नये म्हणून आम्ही शिवणीजवळ खूण करतो, उलट्या बाजूला, वरच्याच पदरातून, म्हणजे सुलटीकडून काही दिसत नाही. सरांच्या नकाशावर नावं होती इंग्रजीत. ती कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून मी सांगून टाकलं होतं, तुम्हाला त्या ताऱ्यांमध्ये जे दिसतं त्याची खूण रंगीत लोकरीनं घाला, दोन्ही कळ्यांवर अर्धी अर्धी. जोडून झालं की उसवू.

आता गंमत बघा. कृत्तिकांच्या मधून शिवण जात होती. एका कळीवर सोनाबाई बसली होती, दुसरीवर नरसम्मा. जोडायला घेतलं तेव्हा एका बाजूला गुलाबी लोकरीचा अर्धा झुमका आणि दुसऱ्या बाजूला पिवळ्या लोकरीची अर्धी कोंबडी!

“हे काय गं?” मी विचारलं होतं.

“झुमको छ,” सोनाबाई म्हणाली. “तांड्यात कुणालाबी विचार.”

“छे! पिल्लांची कोंबडी आहे की ओ ती,” नरसम्मा म्हणाली. “आमच्यात लहान लेकराला पण माहितीय. ती मधली आई, बाकी पिल्लं.”

“कोंबडी कानात घालतीस काय?”

“तू झुमका उकडून खातीस काय?”

दोघी दिवसभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. सप्तर्षींचंही तेच झालं. चौकोन जैतूनबीच्या कळीवर, शेपटीचे तीन तारे माझ्या कळीवर. मला दादांनी लहानपणी सांगितलेली म्हातारीची बाज आठवत होती, म्हणून मी तीन चोर घातले, ती बाज पळवायला निघालेले. जैतूनबीनं चौकोनाला घातला जनाजा. जोडल्यावर दिसलं की तिरडीमागं चोर चाललेत. जैतूनबी हसून हसून लोळली. “हमारे अब्बा के जनाजे के पीछे बी ऐसेच थे,” ती म्हणाली, “मेरे तीनों जेठ.”

त्या लोकरी अजून तशाच होत्या. उसवायला वेळच मिळाला नव्हता. आणि आता ती बाजू आत येणार होती.

आम्ही दिवेलागणीपर्यंत मैदानावर बसून नाड्या उसवल्या आणि सूर्य वर आल्याबरोबर परत शिवायला बसलो. बोटांना शिंप्याचं अंगुस्तान घालून घालून फोड आले. नरसम्मा आणि सोनाबाई भांडण विसरून एकाच कडीला दोन बाजूंनी टाके घालत होत्या. मी एकदा म्हटलं, लोकर उसवू या का? जैतूनबीनं तोंडातली सुई न काढताच माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

बारा वाजायच्या सुमाराला तंबू परत उभा राहिला. सर आत जायला लागले, तेवढ्यात मागून काका आले. हातात पिशवी, तोंड उतरलेलं. तंबूपाशी येऊन ते जे थबकले ते तसेच. त्यांचं अस्वल आता बाहेर होतं. काळ्याभोर कापडावर पांढऱ्या रंगात, हत्तीएवढं मोठं. शेजारी शिकारी गदा उगारून, त्याच्यावर चालून आलेला बैल. आत अंधारात ती चित्रं कधी कुणाला धड दिसली नसती. आता ती रस्त्यापलीकडच्या बसस्टॉपवरून दिसत होती, आणि बसची वाट बघणारी माणसं बस सोडून इकडं यायला लागली होती.

“सर्कस हाय काय ओ?” एका म्हाताऱ्यानं काकांना विचारलं.

काकांनी पिशवी खाली ठेवली. “सर्कस न्हाई. आकाश हाय.”

“चित्रं कुणाची?”

“माझी,” काका म्हणाले, आणि त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली.

पहिल्या खेपेला सरांनी मुलींच्या शाळेचा एक वर्ग घेतला, सोबत शिक्षणाधिकारी आणि पुण्याहून बोलावलेल्या खगोलशास्त्राच्या प्राध्यापक बाई. पडदा पडला. आधी मिट्ट काळोख. मग हळूहळू डोळे सरावले, आणि तारे दिसायला लागले. “आई गं!” कुणीतरी म्हणालं. उन्हाचे कवडसे मुलींच्या वेण्यांवर, खांद्यांवर, त्या बाईंच्या चष्म्यावर पडले होते. सरांनी आधी पश्चिमेकडे पाहिलं. कृत्तिका तिथंच होत्या. उत्तरेला तोंड केलं. सप्तर्षी उजव्या हाताला. त्यांनी सुस्कारा सोडला तो मला तंबूच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला.

“मुलींनो,” त्यांनी सुरुवात केली, “ग्रीक लोकांनी ह्या तारकापुंजाला अस्वल...”

“सर, ती कोंबडी आहे का?” पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं.

सरांनी वर पाहिलं. डोळे पुरते सरावल्यावर लोकर दिसायला लागली होती. गुलाबी, पिवळी, पांढरी. आख्ख्या आकाशभर आमच्या खुणा पसरल्या होत्या, वेड्यावाकड्या, अर्ध्या इकडच्या आणि अर्ध्या तिकडच्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अस्वल गेलं होतं. शिकारी गेला होता. सरांचं पाठ केलेलं सगळं भाषण तंबूच्या बाहेर उन्हात उभं होतं.

“कोंबडी नाही, कानातलं आहे,” दुसरी मुलगी म्हणाली.

“अर्धी कोंबडी आणि अर्धं कानातलं,” तिसरी म्हणाली, आणि आख्खा वर्ग खिदळायला लागला.

शिक्षणाधिकारी खाकरले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. काय करावं सुचेना तेव्हा माणूस खरं बोलतो, तसं माझं झालं.

“दोन्ही आहे,” मी म्हणाले. “ज्यांनी घातलंय त्या इथंच आहेत. नरसम्मा, सांग गं.”

नरसम्मा दाराशी बसली होती. मला वाटलं लाजेल. कुठलं काय! तिनं उभं राहून पदर खोचला आणि कोंबडी, पिल्लं, घार, सगळं नाट्य करून सांगितलं. मग सोनाबाई उठली. आई लग्नात लेकीला झुमका देते आणि वर बोट दाखवून सांगते, हा हरवला तर तो आहे. तो कुणी चोरत नाही. ऐकताना मुलींचे हात आपोआप स्वतःच्या कानांकडे गेले.

“आणि पुराणात ह्याच कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या सहा आया,” सर एकदम म्हणाले. त्यांचा सूर बदलला होता. “ग्रीसमध्ये सात बहिणी. जपानात सुबारू. तारे तेच, मुलींनो! जो तो आपल्या घरातलं माणूस तिथं ठेवतो. ते चोर कुणी घातले?”

“मी,” मी म्हणाले. आणि सांगितलं. ती म्हातारीची बाज. म्हातारी बाजेवर जागी असते म्हणून चोरांना जवळ जाता येत नाही, ते नुसते तिच्यामागून ध्रुवाभोवती फिरत राहतात. “पण बाजेच्या जागी जैतूनबीनं जनाजा घातलाय.”

“हौ,” जैतूनबी म्हणाली. “हमारे दादाजान बोलते थे, चार जने खंदा दियेले, पीछे तीन बेटियाँ रोते रोते जारईं. अब्बा को दफन नै करतीं, जबतक उनका खून करनेवाला नै मिलता. इसलिए घूमतेच रहतीं.”

पुण्याच्या बाई पुढं सरकल्या. “खंडाळकर, त्या शेवटच्या ताऱ्याचं नाव काय?”

“अल्काइद,” सर म्हणाले. मग स्वतःच थांबले. “अल्काइद. त्या मुलींची म्होरकी! अरबी नाव आहे. मुलींनो, माझ्या ह्या इंग्रजी पुस्तकात निम्म्या ताऱ्यांची नावं अरबी आहेत. वाळवंटातून रात्रीचे उंट हाकणाऱ्यांनी ठेवलेली. मी तीस वर्षं ती नावं शिकवतो, पण त्या नावाची गोष्ट अजून सांगणारं माणूस माझ्याच गावात राहतं हे मला माहीत नव्हतं.” त्यांनी जैतूनबीला हात जोडले. “चीनमध्ये हाच बादशहाचा रथ. मिसरमध्ये बैलाची तंगडी. ग्रीसमध्ये अस्वल, ते बाहेर पाहिलंत ना? आणि सोलापुरात जनाज्यामागं चोर!”

तंबू हशानं दणाणला. शिक्षणाधिकारीसुद्धा हसत होते. मग मुली गप्प बसेनात. कुणाची आजी कन्नडात गोष्ट सांगायची, कुणाच्या मामानं शिकाऱ्याच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांना तिकांडं, म्हणजे तीन पेरांचा बाण, म्हटलं होतं, कुणी म्हणे आमच्यात हरण. जिला काही माहीत नव्हतं तिनं जागच्या जागी नवीन शोधून काढलं. पाऊण तास झाला तरी कुणी उठेना. शेवटी बाहेरून काका ओरडले, “आवरा की ओ, लोक खोळंबलेत!”

पुण्याच्या बाई जाता जाता लोकरीला हात लावून म्हणाल्या, “हे कुणाला उसवू देऊ नका.” आणि सर माझ्यापाशी आले. ‘छान’ आताही म्हणाले नाहीत; त्यांनी टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. मी हसत होते, रडत होते, मला काही कळत नव्हतं. मला दादांची इतकी आठवण आली की तिथंच मोठ्यानं हाक मारावीशी वाटली.

रांग मैदानाला वळसा घालून रस्त्यावर गेली होती. विणकर आले, विडीवाल्या आल्या, बसचे कंडक्टर आले. प्रत्येक खेपेला कुणीतरी नवीन गोष्ट ठेवून जायचं आणि पुढच्या खेपेला जैतूनबी ती आपलीच असल्यासारखी सांगायची. काका दारावर उभे. हातात काठी, गळ्यात रुमाल, घसा बसलेला. “एकेक जण या! अस्वलाला हात लावू नगा, रंग ओला हाय!” रंग केव्हाच वाळला होता.

तीनच्या सुमारास बाहेर टेंपो थांबल्याचा आवाज आला. कापडापलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

“दत्तोपंत, आलो बरं का,” कोरे म्हणाले. “मशीनं कुठं आहेत?”

“रांगेत या,” काका म्हणाले.

“अहो, मी मशीनं न्यायला आलोय.”

“कळलं की. पण आधी रांगेत या. सगळे रांगेनंच आलेत.”

कोरे आले, तेही रांगेतून. आत बसले, वर बघत राहिले. नरसम्मानं कोंबडी सांगितली तेव्हा ते पोरासारखे हसले. बाहेर गेले तेव्हा मी कान टवकारले.

“दत्तोपंत,” त्यांचा आवाज आला, “मशीनं राहू द्या. मला असा एक तंबू लातूरला पाहिजे. काय घेता, बोला.”

माझा जीव कानात आला होता.

“मला काय विचारता?” काका म्हणाले. घसा बसलेला होता तरी आवाज आख्ख्या रांगेला ऐकू गेला. “मी पेंटर माणूस. बाहेरचं अस्वल पाहिजे तर माझ्याशी बोला. कारखाना अनसूयाबाईंचा हाय.”

जन्मापासून मी त्यांची अने होते. बाहेर धावत जाऊन त्यांच्या पाया पडावं असं मला वाटलं. पण आत नवीन माणसं बसली होती, लहान पोरं आयांच्या मांडीवर, वर बघत, आणि सोनाबाई उठून उभी राहिली होती.

“काका,” मी आतूनच ओरडले, “त्यांना थांबायला सांगा! खेळ सुरू झालाय!”

आणि मी पडदा ओढून घेतला.